‘श्टिक’ वापरताय? या चुका टाळा

स्टँडअप कॉमेडीवर मराठीत लिहिताना ‘श्टिक’, म्हणजे विनोदवीराची ठरलेली, ओळखीची लकब, हा शब्द अनेकदा भलत्याच जागी पडतो. पहिली गफलत लिहिण्यातच होते. ‘स्टिक’ लिहिलं की वाचकाला काठी दिसते आणि शब्द थेट ‘स्लॅपस्टिक’ला, म्हणजे मारामारी-पडापडीच्या विनोदाला, जाऊन चिकटतो. स्लॅपस्टिकमधली काठी खरीखुरी होती. जुन्या इटालियन विनोदी नाटकांत नट एकमेकांना फटके मारायला दोन फळ्यांची, मोठा आवाज करणारी पट्टी वापरत. श्टिकचं मूळ वेगळं आहे. यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, श्टिक म्हणजे तुकडा, आणि जर्मन ‘श्ट्युक’ त्याचा भाऊबंद. अमेरिकेतल्या ज्यू विनोदवीरांनी तो रंगमंचावरच्या बोलीत रुळवला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुठल्याही विनोदाला श्टिक म्हणणं. अमेरिकन विनोदवीर जॅक बेनीचं उदाहरण घ्या. त्याचं श्टिक होतं कंजूषपणा. जोडीला बेसूर व्हायोलिन, आणि वय कायम 39. 1948 साली रेडिओवर एक चोर त्याला अडवतो, “पैसे की प्राण?” बेनी गप्प. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा तो वैतागून म्हणतो, “विचार करतोय!” हा एक सुटा विनोदी प्रसंग म्हणजे ‘बिट’. पण त्या शांततेतच प्रेक्षक हसू लागतात, कारण वर्षानुवर्षं जपलेला चिक्कूपणा त्यांना ठाऊक आहे. ते श्टिक. अनोळखी माणूस तसाच गप्प राहिला असता, तर कुणी हसलं नसतं.

म्हणून पर्यायी शब्द डोळे मिटून बदलू नका. आधीपासून बांधलेली, क्रमाने सादर होणारी मालिका म्हणजे ‘रुटीन’. अख्खा प्रयोग म्हणजे ‘ॲक्ट’. लक्ष वेधायला केलेली क्लृप्ती ‘गिमिक’, आणि विक्रेत्याची पाठ केलेली बडबड ‘स्पील’. स्पीलला तर रंगमंचाचीही गरज नाही. मराठीत ‘हुकमी लकब’ हा शब्द मला श्टिकच्या सर्वात जवळचा वाटतो. ‘नक्कल’ मात्र नको, तिथे दुसऱ्या कुणाची तरी छबी लागते.

शब्दाचा सूरही सांभाळायला हवा. ‘हे त्याचं नेहमीचंच श्टिक’ म्हटलं की ‘यात मनापासून काही नाही’ असा वास येतो. पुढाऱ्याच्या ठरावीक आवेशाबद्दल लिहिताना हा वास कामाचा असतो. दिवंगत कलावंतावरच्या लेखात तोच शब्द त्याची आयुष्यभराची मेहनत हलकी करून टाकतो. तिथे ‘शैली’ किंवा ‘हातखंडा’ लिहावं.