पन्नाशीनंतर कामाचे तास आणि रक्तदाब : घरच्या घरी नोंद कशी ठेवावी

पन्नाशी ओलांडलेल्या नोकरदाराचा रक्तदाब बहुधा सुटीच्या दिवशी, निवांतपणे मोजला जातो. कामाच्या ताणाचा परिणाम पाहायचा असेल, तर ड्यूटीच्या दिवसांतही मोजणी व्हायला हवी.

आधी तास प्रामाणिकपणे मांडावेत. बदलापूरहून मुलुंडला वॉचमनच्या नोकरीला जाणारे माझे वडील ड्यूटी बारा तासांची सांगत. लोकलचा प्रवास धरून हिशेब केला तेव्हा ते पंधरा तास घराबाहेर असल्याचे आणि झोपेला जेमतेम पाच तास उरत असल्याचे दिसले. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो; रात्रपाळीत किंवा अपुऱ्या झोपेत ही उसंत मिळत नाही, आणि वयोमानाने ताठर झालेल्या रक्तवाहिन्यांना ते अधिक जड जाते. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास राबणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले.

मोजणी सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ करावी; त्या आठवड्यात सुटीही यावी. सकाळी चहा आणि गोळी घेण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून व पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे, आणि हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. वडील गणवेशाची बाही वर सरकवून घेत. ती दंडाला काचायची आणि आकडा भरवशाचा राहत नसे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून आकडे वहीत लिहावेत, शेजारी आदल्या रात्रीची झोप आणि ड्यूटीचे तास. वडिलांच्या वहीत डबल ड्यूटीनंतरच्या सकाळी वेगळ्या उठून दिसल्या, तेव्हा कुठे त्यांना ते पटले.

पहिला दिवस सोडून काढलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जावे. रात्रपाळीत गोळी केव्हा घ्यायची हे विचारावे, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यांतल्या काही रक्तदाब वाढवतात. आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.