गाडीचा पिकअप कमी झाल्यास आधी एअर फिल्टर पाहावा

नागपुरातील वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी जोर धरत नसेल, तर इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) साफ करण्याच्या खर्चाला होकार देण्यापूर्वी पुढील तपासणी घरीच करावी. मे महिन्यात एसी सुरू असताना लहान इंजिनाची ओढ थोडी कमी होतेच, म्हणून एसी बंद ठेवून एकदा फरक पाहावा.

१. इंजिन थंड असताना एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडवून फिल्टर बाहेर काढावा आणि उन्हाकडे धरावा. कागदाच्या घड्यांमधून उजेड दिसत नसेल, तर तो बदलावा. नागपुरातील खोदलेल्या रस्त्यांची धूळ पाहता गाडीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्यासाठी दिलेला किलोमीटरचा आकडा पूर्ण होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. नवा फिल्टर बसवताना त्याची रबरी कड चारही बाजूंनी खाचेत बसली आहे, याची बोट फिरवून खात्री करावी.

२. हवा कमी असली तरी गाडी जड चालते, म्हणून टायरमधील हवा सकाळीच, टायर थंड असताना तपासावी.

३. ब्रेक फारसा न वापरता थोडे अंतर चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकच चाक जास्त तापले असल्यास तेथील ब्रेक चिकटत असावा.

४. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत असण्याची शक्यता आहे; ते काम मेकॅनिकचेच.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये आणि नवा मिळेपर्यंत फिल्टरविना गाडी मुळीच चालवू नये, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर घासते.