‘बेलीफ’चं मूळ कसं शोधायचं

अंबाजोगाईच्या कोर्टात मी नोकरी केली, ती नाझर आणि समन्स पोचवणारा बेलीफ या दोन कर्मचाऱ्यांच्या टेबलांमधोमध बसून. नवी पोरं विचारतात, हा बेलीफ शब्द कुठला? तर रीत सांगतो.

आधी राज्य पाहायचं. आपला मुलूख, मराठवाडा, १९४८ पर्यंत निजामाकडं, म्हणून नाझर, पेशकार, शिरस्तेदार हे कोर्टातले हुद्दे फारसी वळणाचे. त्यातला नाझर मुळात अरबी, फारसीतून आलेला, म्हणजे बघणारा, देखरेख त्याचीच. बेलीफ या घराण्यातला नाही, तो इंग्रजीतून आला.

मग उलटं चालायचं. इंग्रजीच्या मागं जुनी फ्रेंच, तिच्यामागं मध्ययुगीन लॅटिनचा ‘बायुलिवुस’. त्याची शेपटी कापली की उरतो ‘बायुलुस’: ओझं वाहणारा. म्हणजे मोंढ्यातला हमालच की! हे कळलं तेव्हा आमचे बेलीफ आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

पण शब्दाची पायरी चढत गेली. ओझं वाहणारा तो जबाबदारी वाहणारा, मग कारभारी. मध्ययुगीन फ्रान्समध्ये तर राजाच्या वतीनं न्याय आणि वसुली बघणारा बडा अधिकारी. आपल्याकडं मात्र समन्स बजावणारा, जप्ती करणारा.

शेवटी भावंडं शोधायची, त्याशिवाय खात्री धरू नये. जामिनाला वकील ‘बेल’ म्हणतात ना, तोही त्याच मुळाचा. ओझं वाहणं, मग हवाली करणं, मग हमीवर सोडणं. फक्त शिवाच्या बेलाशी त्याचं नातं जोडू नका. आमच्याकडं एकानं तेही जोडलं होतं.