उठताच अंधारी येते? मग बीपी उभ्यानेही मोजा

खाटेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, नीट जेवत जा. त्यापेक्षा बीपीचं मशीन काढा.

आधी आत काय घडतं ते बघू. उभं राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मेंदूला तर मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त हवंच. म्हणून दाब घसरला की मेंदूतल्या बारीक धमन्या रुंदावतात आणि वाढला की आक्रसतात. नळाला पाणी कमी आलं की आपण तोटी जास्त सोडतो, तसंच हे. सरासरी दाब (बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) ६० ते १५० असेपर्यंत हा पुरवठा जवळपास सारखा राहतो, असं डेन्मार्कचे संशोधक नील्स लासेन यांनी १९५९ मध्ये मांडलं. (पल्ला इतका मोठा नसावा, असं आता बरेच संशोधक मानतात.) तोटी फिरायला मात्र काही सेकंद लागतात. अंधारी येते ती तेवढ्यात.

आता मोजणी. सकाळची वेळ चांगली, कारण घसरण तेव्हा जास्त सापडते. दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं न बोलता उताणे पडा. पडल्यापडल्याच बीपी मोजून लिहून ठेवा. मग भिंतीजवळ उभे राहा. जवळ कुणीतरी असू द्या. एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. इथे बहुतेकांची चूक होते: हात खाली लोंबता राहतो. मग आकडा जास्त दिसतो आणि खरी घसरण लपते. हात फळीवर टेकवा, पट्टा छातीच्या पातळीला हवा.

वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बीपीची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. जुनं बीपी असलेल्यांचा मेंदू चढ्या दाबाला सरावलेला असतो; म्हणून दाब एकदम खाली आणला तर त्यांना चक्कर येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू बदलतात तो यासाठीच.

मोजताना भोवळ आली तर आकड्याची वाट न बघता लगेच बसा किंवा आडवे व्हा. एरवीही आधी काठावर मिनिटभर बसून, पोटऱ्या आवळून मग उठावं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला, तर मशीन राहू द्या आणि १०८ ला फोन करा.