लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले म्हातारे लॅपटॉप माझ्याकडे येऊ लागलेत. विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची असते, आणि तक्रार एकच: ‘यात लिनक्स चढतच नाही हो!’ लॅपटॉप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. ज्यावरून लिनक्स टाकायचं, त्या पेन ड्राइव्हमध्ये गडबड असते.

तळमजल्यावरच्या काकांनी लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल सरळ पेन ड्राइव्हवर कॉपी केली होती. वर म्हणे, ‘फाइल दिसतेय की!’ दिसणारच. पण आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. तो रूफस किंवा एचरसारख्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर उतरवावा लागतो. उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या आवृत्तीची फाइल साधारण ६ जीबीची आहे, त्यामुळे ड्रॉवरमधला जुना ४ जीबीवाला राहू द्या. तापकीर गल्लीत चक्कर मारा, नवा घ्या.

त्यांच्या नातवाने भलताच घोळ घातला. ‘माझा इंटेल आहे’ म्हणून एएमडी६४ नावाची फाइल सोडून एआरएम६४ ही वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरची फाइल उतरवली. ६४ बिटची ही पद्धत आधी एएमडीने काढली, म्हणून ते नाव. इंटेललाही तेच चालतं.

गुरुवार म्हणजे पुण्यात लाइट जायचा वार. वाय-फाय मधेच गेलं की फाइल अर्धवट राहू शकते आणि इन्स्टॉल ऐन मध्यावर रडतं. म्हणून विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) गेट-फाइलहॅश चालवा आणि फाइलच्या बोटाच्या ठशासारखा जो आकडा येईल, तो साइटवर दिलेल्या एसएचए२५६ आकड्याशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम, पण करतं कोण!

आता माझी स्वतःची चूक. लिनक्समधून डीडी या कमांडने साचा पेन ड्राइव्हवर लिहिताना एसडीसीऐवजी (लिनक्सने पेन ड्राइव्हला दिलेलं नाव) एसडीबी टाइप केलं. एसडीबी म्हणजे बाजूला जोडलेली १ टीबीची डिस्क, त्यात भाच्याच्या मुंजीचे फोटो. डीडी ‘नक्की का?’ असं विचारत नाही. ताई अजून टोमणे मारते. तेव्हापासून आधी एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवून साइजचा रकाना बघतो: १६ जीबीचा पेन ड्राइव्ह तिथे १४.९जी किंवा त्याच्या आसपास दिसतो. बाकीच्या डिस्क तर उपटूनच ठेवतो. आणि एसडीसी१ नव्हे, नुसतं एसडीसी. आकडा लावला की साचा डिस्कच्या एका भागात (पार्टिशनमध्ये) जातो आणि बूट होत नाही. शेवटी सिंक ही कमांड देऊन (म्हणजे राहिलेलं लिहिणं पुरं होतं) मगच पेन ड्राइव्ह काढायचा.

लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा तर बूट मेनू लागतो; त्यासाठी डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) उगाच बंद करू नका, उबुंटू आणि डेबियन हे लिनक्सचे प्रकार त्याच्यासकट चालतात. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्या बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठे ठेवलीय हे घरात कुणालाच आठवत नाही.

काम झाल्यावर पेन ड्राइव्ह विंडोजला जोडला की ‘फॉरमॅट करू का?’ असं येतं, किंवा १६ जीबीचे जेमतेम ५ एमबी दिसतात. बिघडलेला नाही तो. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये क्लीन देऊन मग नवं पार्टिशन बनवलं आणि फॉरमॅट केलं की पूर्ववत होतो. फक्त आधी डिस्कचा नंबर नीट बघा; डिस्क ० बहुधा तुमची विंडोजवाली असते, आणि डिस्कपार्टही काही विचारत नाही.