जुन्या स्पोर्ट्स कारला गंज: बडोद्यात गाडी ठेवणाऱ्यांनी या चुका टाळा

बडोद्यात जुनी गाडी सांभाळणारे लोक पावसाला जितके घाबरतात तितके बंद शेडला घाबरत नाहीत, आणि तिथेच गडबड होते. वरून पडलेलं पाणी वाहून जातं, वाळून जातं. गाडीला खातं ते आत शिरलेलं पाणी, ज्याला बाहेर पडायला वाटच नाही. आणि ती वाट बऱ्याचदा आपणच बंद करतो, तेसुद्धा चांगले पैसे मोजून.

आपल्याकडे मुंबईसारखी खारी हवा नाही म्हणून गंज कमी, असं बरेच जण म्हणतात, अर्धं खरं आहे ते. पण हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजाचा वेग एकदम वाढतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्यात ती त्याच्या वरच असते, पाऊस पडो न पडो.

उदाहरणाला एमजीबी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ (१९६२ ते १९८० बनत होती). हिला खाली वेगळी चासी (भार पेलणारा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याचा जो पोकळ बॉक्स जातो त्याला सिल म्हणतात, आणि वर छप्पर नसल्यामुळे गाडीचा सगळा भार पेलण्यात या सिलचा मोठा वाटा असतो. सिल सडली म्हणजे नुसती शोभा गेली नाही, गाडी मधून वाकायला लागते. ट्रायम्फ स्पिटफायरवाले निवांत असतात की आपल्याला खाली चासी आहे, भारतात बनायची त्या स्टँडर्ड हेराल्डच्या घराण्यातलीच ती, पण तिची चासी मधोमध कण्यासारखी आहे, बाजूला काही नाही, त्यामुळे तिच्यातही सिल तितकीच महत्त्वाची. पोर्शे ९११ ला १९७६ च्या मॉडेलपासून झिंक चढवलेला पत्रा मिळाला, त्याआधीच्या गाडीवाल्यांनी मात्र हे सगळं वाचावं.

गंजावरच काळा डांबरी कोट

सगळ्यात महागडी चूक ही. जून आला की लोक गाडी घेऊन धावतात, अंडरबॉडी कोटिंग करून द्या म्हणतात, गॅरेजवाला खालून पाण्याचा प्रेशर मारतो, तासाभरात काळा जाड थर फवारतो, गाडी खालून एकदम नवी दिसते आणि मालक खूश. पण पत्रा आतून ओला होता, जोडांत गंज होता, तो सगळा आता कोटच्या मागे बंद झाला. दोन-तीन वर्षांत हा डांबरी थर कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि कोट त्याला बाहेर येऊ देत नाही. बाहेरून पाहाल तर सगळं छान काळंभोर, आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली की भदकन आवाज येतो, टोक लावलं तर पत्रा पापडासारखा मोडतो.

वर आणखी एक उद्योग होतो तो म्हणजे फवारताना सिलच्या खालची निचऱ्याची भोकं बुजतात. ती भोकं कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात. ओळखीतल्या एका काकांच्या गाडीची अशीच सगळी भोकं भरून टाकली होती, विचारलं तर कारागीर म्हणतो, साहेब, चालशे! चालशे काय, आत पाणी साठून राहिलं होतं. कोटिंग करून आणलं की त्याच दिवशी खाली वाकून सगळी भोकं तारेने मोकळी करायची, दाराच्या खालच्या कडेची पण.

बरोबर पद्धत म्हणजे आधी जुना सुटलेला कोट खरवडा, गंज वायर ब्रशने घासून चकचकीत पत्र्यापर्यंत या, इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर (फटी बंद करणारा लेप), मग रंग, आणि पोकळ भागांत आतून कॅव्हिटी वॅक्स. हे वॅक्स लांब नळीने आत फवारतात, ते पातळ असल्यामुळे जोडांत झिरपतं आणि वाळल्यावरही मऊ राहतं म्हणून भेगा पडत नाहीत. आणि हे जूनमध्ये नाही, एप्रिल-मेमध्ये करायचं. बडोद्याचा ४२ डिग्रीचा उन्हाळा बाकी कशाच्या कामाचा नाही, पण या कामाला एक नंबर, पत्रा आतपर्यंत कोरडा असतो आणि वॅक्स छान पसरतं. दर दोन-तीन वर्षांनी परत एक हात.

फुगा आला, लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला

मागच्या चाकापुढे सिलच्या शेवटाला किंवा पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला बारीक फुगे आले, तर समजून जा की गंज आतून बाहेर आलाय, बाहेरून आत गेलेला नाही. वरून घासून लांबी भरली तर पुढच्या दिवाळीपर्यंत फुगा परत हजर. पॉलिस्टरची लांबी स्वतः पाणी शोषते, त्यामुळे भोकावर लांबी म्हणजे भोकावर ओला बोळा. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणं हाच इलाज आहे, आणि वेल्डिंगनंतर पत्र्याच्या मागच्या बाजूला वॅक्स जाणं गरजेचं कारण वेल्डच्या उष्णतेने तिथला रंग जळून गेलेला असतो.

गाडी विकत घेताना खिशात फ्रीजवर लावायचं पातळ चुंबक ठेवा, रुमालात गुंडाळून सगळीकडे फिरवा, जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. दुसरी टेस्ट सिलची. दार उघडून बंद करून बघा, मग त्या बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि परत बंद करा. दार आता घासतंय किंवा फट बदलली तर व्यवहार तिथेच थांबवा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तसलं काही बघून आलं की माणूस रंगाच्या चमकेवर पैसे टाकून मोकळा होतो, पण चमक आणि पत्र्याची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हो, प्रायमर मारून गाडी महिनोन् महिने तशीच पडून ठेवू नका, पेंटरकडे नंबर लागत नाही म्हणून असं खूप होतं. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, त्याच्याखाली गंज आरामात सुरू होतो.

प्लास्टिकचं कव्हर

गाडी धुतली, लगेच रेक्झिनचं नाहीतर प्लास्टिकचं कव्हर, बोचक्यासारखं घट्ट बांधलं, झालं. दिवसा आत वाफ, रात्री तीच वाफ पत्र्यावर दव होऊन बसते. छपराखाली गाडी असेल तर आतून मऊ सुती असलेलं, हवा जाणारं कव्हर पुरतं. काचा बोटभर उघड्या ठेवा, शेडला समोरासमोर झरोके ठेवा आणि मातीची जमीन असेल तर गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे ओल वर येत नाही. पावसाळ्यात दिवसाकाठी थोडा वेळ टेबल फॅन चालवला तरी फरक पडतो, स्वस्तातला उपाय आहे म्हणून कोणी मनावर घेत नाही.

दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट

हे प्रेमाने केलेलं नुकसान. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले तर ती बाहेर जाते, पाच मिनिटांत बंद केलं तर ते पाणी सायलेन्सरमध्येच राहतं, थोडं इंजिन ऑइलमध्ये जातं. म्हणजे दर रविवारी सायलेन्सर आतून भिजवताय. काढायची तर आजवा रोडने नीट अर्धा-पाऊण तास फिरवा, नाहीतर बंदच राहू द्या, बॅटरी चार्जरवर.

बाकी थोडक्यात. गंज काळा करणारं केमिकल पातळ घट्ट गंजावर चालतं, पापुद्रे सुटलेल्या गंजावर ओतून उपयोग नाही. बॅटरीला जोडायचे इलेक्ट्रॉनिक अँटी-रस्ट डबे घेऊ नका, गंज थांबवणारा तसला करंट काम करायला लोखंड पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेलं लागतं, जहाजाला आणि पाइपलाइनला चालतं ते रस्त्यावरच्या गाडीला नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, कूलंटच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. इथेनॉलवालं पेट्रोल पण पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून चार महिने गाडी उभी करू नका. दसऱ्याला घातलेला ओला झेंडूचा हार क्रोमच्या बंपरवर रात्रभर ठेवू नका, पूजा झाली की काढा आणि कुंकू पुसा, देव रागावत नाही.

कार्पेट ओलं का होतंय?

छताचं कापड गळतंय म्हणून लोक नवं हूड शिवायला टाकतात. एमजीबीत आधी विंडस्क्रीनसमोरच्या जाळीखालची निचऱ्याची नळी बघा, ती पानांनी आणि धुळीने तुंबली की पाणी आत पायाशी उतरतं. मग विंडस्क्रीनचं रबर आणि दाराचं रबर. कार्पेट वरून वाळवून फायदा नाही, खालचा फेल्ट उचलून काढा, तो आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि फ्लोअर तिथेच सडतो.

विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शिरलं तर

२०१९ ला झालं, ऑगस्ट २०२४ ला परत झालं, त्यामुळे हा विषय आपल्याला टाळता येत नाही. पाणी उतरल्यावर पहिली चूक म्हणजे चावी फिरवून बघणं. नाही. बॅटरीची वायर काढा, सीट आणि कार्पेट बाहेर, आणि चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने सिलच्या आतून, दारांच्या आतून धुवून काढा, खालच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. हा गाळ वाळला की आत घट्ट बसतो आणि पुढे प्रत्येक पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. मग ब्लोअरने वाळवा, सगळी ऑइलं बदला, आणि पुरता कोरडा झाल्यावरच वॅक्स, आधी नाही. पुरानंतर वर्ष-दोन वर्षांत स्वस्तात मिळणारी गाडी बघायला गेलात तर स्टेपनीच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या मागे आणि सीटच्या रेलच्या बोल्टांपाशी बारीक पिवळट गाळ आहे का ते बोट घालून बघा, पॉलिशवाला तिथपर्यंत सहसा पोचत नाही.