‘पर्यंत’ला दरवेळी ‘अन्टिल’ चालत नाही

मी नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. त्यांचे ईमेल तपासताना सारखा अडखळायला लावणारा शब्द म्हणजे ‘अन्टिल’. शब्द सोपा आहे, घोळ आपल्या ‘पर्यंत’मुळे होतो. मराठीत वेळ, जागा, आकडा, मुदत, सगळ्याला एकच ‘पर्यंत’ पुरतो. ‘अन्टिल’ वेळेपुरताच, आणि तोही काहीतरी एका क्षणापर्यंत सलग चालू राहणार असेल तेव्हाच.

म्हणून आधी क्रियापद बघा. ‘सोमवारपर्यंत थांब’ यातलं थांबणं सलग आहे, म्हणून ‘वेट अन्टिल मंडे’. ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट पाठव’ यातलं पाठवणं एकदाच व्हायचंय आणि सोमवार ही मुदत आहे, म्हणून ‘सेंड द रिपोर्ट बाय मंडे’. खात्री नसेल तर ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत पाठव’ जमतं, तिथे ‘बाय’. ‘सोमवारच्या आत थांब’ कोणी म्हणत नाही, तिथे ‘अन्टिल’.

वाक्यात नकार आला की मात्र हिशोब बदलतो. ‘यू वोन्ट गेट द रिपोर्ट अन्टिल मंडे’ हे बरोबर आहे, कारण रिपोर्ट नसणं सोमवार येईतो चालू राहतं. याचा अर्थ रिपोर्ट सोमवारी मिळेल, असाच घेतला जातो.

इथेच सुट्टीच्या सूचना फसतात. ‘सोमवारपर्यंत ऑफिस बंद’ म्हटलं की आपण सोमवारही सुट्टीत धरतो. ‘क्लोज्ड अन्टिल मंडे’ वाचून मात्र बरेच जण सोमवारी दारात हजर होतील. तारखेचा प्रश्न असेल तर मी ‘अन्टिल’वर विसंबूच देत नाही. सरळ ‘वी रीओपन ऑन ट्यूझडे’ लिहा.

आता सगळ्यात चिवट चूक: ‘आय विल वेट अन्टिल ही डझन्ट कम’. ‘तो येत नाही तोपर्यंत मी थांबेन’ या मराठी वाक्यातला ‘नाही’ इथे इंग्रजीत घुसलाय. व्याकरणाचे नियम घोकण्यापेक्षा मनातलं मराठी वाक्यच बदला: ‘तो येईपर्यंत मी थांबेन’. ‘नाही’ आपोआप गळतो आणि ‘अन्टिल ही कम्स’ उरतं. पुढच्या काळाची गोष्ट असली तरी ‘अन्टिल’नंतर ‘विल’ घालू नका, ‘कम्स’च ठेवा.

जागा आणि आकडे यांना ‘अन्टिल’ लावूच नका. ‘पुलापर्यंत चाल’ला ‘वॉक ऐज फार ऐज द ब्रिज’, ‘१००पर्यंत मोज’ला ‘काउंट टु अ हंड्रेड’.

स्पेलिंगमध्ये ‘अन्टिल’ला शेवटी एक एल, ‘टिल’ला दोन. ‘टिल’ हे ‘अन्टिल’चं छोटं रूप नाही, उलट तोच जुना शब्द आहे, त्यामुळे त्याच्या आधी अपॉस्ट्रॉफी लावायची गरज नाही. अर्थ दोन्हींचा एकच, औपचारिक पत्रात मात्र ‘अन्टिल’ जास्त शोभतो.